शेवट फोडू नका : नाटक, सिनेमा, पुस्तकाबद्दल लिहिता-बोलताना

संध्याकाळचा प्रयोग सुटतो तेव्हा रात्रीच्या प्रयोगाची माणसं नाट्यगृहाच्या दारात जमलेली असतात. बाहेर पडणारा एखादा मोबाईलवर घरी सांगत असतो, "अगं, तो वेडा नसतोच, सोंग करत असतो!" दारातल्या दहा-बारा जणांचं नाटक तिथंच संपतं. ही माणसं विट्याहून, तासगावाहून गाडी करून आलेली असतात, तिकीट काढलेलं असतं, आणि आता दोन तास ती फक्त खात्री करत बसणार. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. नाटक आवडलं म्हणूनच तो बोलतो. शेवट बहुतेक वेळा असाच, कौतुकाच्या भरात फुटतो. म्हणून कौतुक करण्याचीही एक रीत हवी.

इथं लिहिलेलं त्यांच्यासाठी आहे, जे वर्तमानपत्रात प्रयोगाबद्दल लिहितात, वाचनालयात पुस्तकाची ओळख करून देतात, यूट्यूबवर सिनेमावर बोलतात किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "काल काय बघितलं" ते टाकतात. स्पॉयलर, म्हणजे शेवट आधीच फोडणारी माहिती, हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्याआधीपासून आपल्याकडे 'मेख' हा नेमका शब्द आहे. मेख म्हणजे जमिनीत ठोकलेली खुंटी. तंबू जसा तिला ताणलेला असतो तशी काही गोष्टी एका मेखेला ताणलेल्या असतात. ती आधीच उपटली की कापड तेवढं उरतं.

आधी बघा, मेख आहे का

विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणाचाही विरस झाला नाही. कीर्तनातलं आख्यान, पोवाडा, पौराणिक संगीत नाटक या सगळ्यांत ऐकणाऱ्याला शेवट माहीत असतो आणि त्या माहितीवरच रस उभा राहतो. पुढं काय होणार हा तिथला प्रश्न नसतोच. कसं होणार, कोण कसं गाणार, हा असतो. अशा कलाकृतीला शेवटाचा इशारा द्यायची काहीच गरज नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला काय घडलं हे सातारा जिल्ह्यातलं शाळकरी पोर सांगेल. त्या भेटीवरच्या सिनेमाची ओळख करून देताना अफजलखानाचं पुढं काय झालं ते झाकून ठेवणं म्हणजे वाचकाला अडाणी समजणं.

पण त्याच सिनेमात लेखकानं एक काल्पनिक हेर घातला असेल आणि तो फितूर आहे की नाही हे शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत झाकलं असेल, तर मेख तिथं आहे. इतिहास माहीत असला तरी हेर माहीत नाही. त्यामुळे "ऐतिहासिक आहे, बिनधास्त सांगा" असा सरसकट नियम करता येत नाही.

ओळखायचं कसं? बघून किंवा वाचून झाल्यावर स्वतःला एकच गोष्ट विचारा: मधल्या भागात प्रेक्षक कुठला प्रश्न मनात धरून बसलेला असतो? तो प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा. 'जमीन कुणी विकली?' 'मुलगा परत येईल का?' 'ही बाई खरंच आहे का याच्या डोक्यात आहे?' त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मेख. लपवायचं ते एवढंच आणि त्या उत्तराकडे थेट बोट दाखवणारं सगळं. बाकीचं मोकळेपणानं सांगा. असा प्रश्नच लिहिता येत नसेल, आणि मोठ्या साहित्यकृतींच्या बाबतीत हे पुष्कळदा होतं, तर ती गोष्ट मेखेवर उभी नाही आणि तुम्हाला फार जपून लिहायची गरज नाही.

हा प्रश्न न लिहिता जे ओळख करून देतात त्यांच्या हातून दोनपैकी एक चूक होते. एक तर ते सगळंच लपवतात, किंवा शेवटचं पान तेवढं लपवून मधल्या पानांवरची खरी मेख सांगून मोकळे होतात. मेख शेवटीच असते असं नाही. दोन अंकी नाटकात ती पुष्कळदा मध्यंतराच्या पडद्याला असते, आणि 'पहिल्या अंकातलंच तर सांगतोय' या समजुतीत ती फुटते.

कुठपर्यंत सांगायचं

लेखकानं जिथपर्यंत प्रश्न मांडलाय तिथपर्यंत. पण हाताशी आकडे असलेले बरे. अडीच तासांच्या नाटकात पहिल्या १५-२० मिनिटांत कळणारं सगळं सांगायला हरकत नाही. दोन तासांच्या सिनेमात साधारण २५ मिनिटं. दोनशे पानांच्या कादंबरीत पहिली ४० पानं. वेबमालिकेचे सगळे भाग एकदम आले असले तरी ओळख पहिल्या भागापुरती. कथेचं सगळ्यात अवघड. तीन हजार शब्दांच्या कथेत दुसऱ्या पानावर सूत हातात आलेलं असतं, म्हणून कथेची फक्त परिस्थिती सांगायची: कोण, कुठं, कशात अडकलंय. घटना एकही नाही.

जाहिरातीत, ट्रेलरमध्ये, मलपृष्ठावर जे आलंय ते उघड झालं असं धरता येतं, पण डोळे झाकून नाही. मलपृष्ठावरचा मजकूर लिहिणारेही घसरतात आणि ट्रेलरमध्ये शेवटच्या रिळातली दृश्यं सर्रास असतात. दुसऱ्यानं फोडलं म्हणून आपण परत फोडायचं नाही. पुष्कळ वाचक मलपृष्ठ मुद्दाम वाचत नाहीत.

एक नमुना, जवळून

इथल्यासाठी रचलेलं एक नाटक घेऊ. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ओसरलाय. सांगलीच्या गावभागातल्या एका घरात ओली ट्रंक उघडून कागद दोरीवर वाळत घातलेत. त्यांत हरिपूर रस्त्याकडच्या दोन एकरांचं खरेदीखत निघतं. जमीन वीस वर्षांपूर्वीच विकली गेलेली. शेती बघायचा थोरला. धाकटा शिकून पुण्यात नोकरीला, तो थोरल्यावर आरोप करतो. थोरला उत्तर देत नाही. दुसऱ्या अंकात कळतं की खतावरचा अंगठा आईचा आहे. धाकट्याच्याच शिक्षणासाठी तिनं जमीन विकली आणि थोरल्याकडून गप्प राहण्याचं वचन घेतलं.

प्रश्न: जमीन कुणी विकली? मेख: आईनं, आणि तीही आरोप करणाऱ्यासाठीच.

आता या नाटकाबद्दल कसं लिहिलं जातं ते पाहा.

"आईनंच जमीन विकल्याचं उघड होतं तो प्रसंग काळीज पिळवटून टाकतो." हा उघड गुन्हा. असा लिहिणारा चटकन सापडतो, त्याला सांगताही येतं.

"वरवर साधी वाटणारी आई दुसऱ्या अंकात जी उलगडते, त्याला तोड नाही." लिहिणाऱ्याला वाटतं आपण काहीच सांगितलं नाही. पण पहिल्या अंकात आई फक्त चहा आणून ठेवते. ज्यानं हे वाक्य वाचलंय तो तिच्याकडेच बघत बसेल आणि खरेदीखत निघाल्यावर दोन मिनिटांत हिशेब जुळवेल. मोकळ्या वाक्यापेक्षा हे वाक्य जास्त घातक, कारण ते संपादकाच्या नजरेतूनही सुटतं.

"नात्यांची घट्ट वीण उलगडणारं, अंतर्मुख करणारं नाटक." यानं काही फुटत नाही आणि काही कळतही नाही. हे वाक्य कुठल्याही नाटकाला चिकटवता येतं. शेवट फोडण्याच्या भीतीनं असं लिहिणं ही वाचकाची फसवणूकच आहे. त्याला तिकिटाला पैसे घालायचेत की नाही ते ठरवायचंय.

आता नीट लिहिलेलं: "पूर ओसरलेल्या घरात दोरीवर कागद वाळतायत. त्यांत एक खरेदीखत निघतं आणि दोन एकर जमीन वीस वर्षांपूर्वीच गेल्याचं धाकट्याला कळतं. तो भावाला जाब विचारतो. थोरला उत्तर देत नाही, पंपाचा वायसर बदलत राहतो. हे न बोलणं नटानं इतकं भरीव केलंय की पहिला अंक त्या गप्प बसण्यावर उभा राहतो. ओल्या भिंतीवरची पाण्याची रेघ नेपथ्यकारानं माणसाच्या डोक्याच्या वर काढलीय. सगळी पात्रं शेवटपर्यंत तिच्याखाली वावरतात." परिस्थिती, प्रश्न, अभिनय, नेपथ्य, सगळं आलं. उत्तर नाही आलं. पात्राचं कौतुक करायचं तर पहिल्या वीस मिनिटांतल्या कामाचं करायचं. आईच्या भूमिकेचं कौतुक इथं थांबवून ठेवायचं आणि इशाऱ्यानंतरच्या भागात भरभरून करायचं.

तो दुसरा भाग लिहायचाच. पहिल्या प्रवेशात आई दोरीवरचा एक कागद उचलायला जाते आणि हात मागं घेते. ही खूण लेखकानं पुरेशी पेरलीय का? थोरला वीस वर्षं गप्प राहतो हे पटतं का? धाकट्याला कळल्यानंतर पडदा लगेच पाडायला हवा होता का? यातला एकही मुद्दा शेवट माहीत असल्याशिवाय मांडता येत नाही. शेवटाला हात न लावणारं परीक्षण म्हणजे जाहिरातीचं पत्रक. लेखकानं सहा महिने ज्या जागेवर मेहनत घेतली त्या जागेबद्दलच आपण गप्प बसणार असू, तर समीक्षा कसली केली?

इशारा कसा द्यायचा

कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ फुटांची. मधल्या पाच फुटांत माणसं सामान माळ्यावर टाकतात, जनावरं सोडतात, बाहेर पडतात. इशाऱ्याचा उपयोग त्या पाच फुटांमुळे आहे. धोक्याच्या रेषेवरच इशारा दिला तर तो देऊन न देऊन सारखाच.

लिहिण्यात हीच चूक सगळ्यात जास्त होते. "स्पॉयलर अलर्ट: आईच दोषी." डोळा एका शब्दावर थांबत नाही, ओळ एका झेपेत वाचली जाते. इशारा आणि उत्तर एका ओळीत, एका परिच्छेदात, मोबाईलच्या एका पडद्यावर येता कामा नये. छापील मजकुरात मध्ये किमान एक उपशीर्षक किंवा फुलीची ओळ हवी आणि मेख उपशीर्षकानंतरच्या पहिल्याच वाक्यात नको. दोन-तीन वाक्यं जाऊ द्यावीत, म्हणजे नजर घसरून खाली गेलेल्याला परत वर येता येतं.

इशाऱ्यात चार गोष्टी सांगायच्या: कुठल्या कलाकृतीबद्दल, कुठपर्यंतचं उघड होणार, किती मोठं, आणि वाचायचं नसेल तर कुठं उडी मारायची. नुसतं 'स्पॉयलर आहे' म्हटलं की वाचक अडकतो. ज्यानं मालिकेचे चार भाग बघितलेत त्यानं वाचायचं की नाही? त्यापेक्षा असं:

"इथून पुढं दुसऱ्या अंकाची आणि शेवटाची चर्चा आहे. नाटक बघायचं असेल तर इथंच थांबा. प्रयोगाच्या तांत्रिक बाजूंबद्दल शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय, तो वाचायला हरकत नाही."

"पाचव्या भागापर्यंतचं कथानक खाली आलंय. सहाव्यापासूनचं काही नाही."

"पुस्तकाचा शेवट सांगितलेला नाही, पण १२० व्या पानावरची एक घटना सांगितलीय."

दुसऱ्या पुस्तकाचा दाखला देणार असाल तर त्याचंही नाव इशाऱ्यात घाला. 'अमक्या कादंबरीसारखाच शेवट' हे वाक्य एका दमात दोन पुस्तकं फोडतं, आणि इशारा बहुधा एकाचाच दिलेला असतो.

मोबाईलवर

व्हॉट्सॲपवर संदेशाच्या पहिल्या ओळी कुलूपबंद पडद्यावरच दिसतात. ग्रुप न उघडताही त्या वाचल्या जातात. म्हणून पहिल्या दोन ओळींत नाव आणि इशारा सोडून काहीही नको. त्याखाली वीस-पंचवीस ओळी नुसतं टिंब टाकत जा, म्हणजे संदेश लांब होतो आणि खालचा मजकूर इशाऱ्यापासून दूर जातो. एकामागून एक तुटक संदेश मात्र पाठवू नका. इशारा पहिल्या संदेशात आणि मेख पाचव्यात असली, तर सूचनेत (नोटिफिकेशनमध्ये) दिसतो तो पाचवा. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे आवाजी संदेश. सूचनेत त्यातलं काही दिसत नाही. फक्त आधी "शेवट सांगितलाय" एवढं लिहून पाठवा. टेलिग्रामवर मजकूर निवडून झाकायची सोय आहे, बोट लावल्याशिवाय तो दिसत नाही. ती वापरा.

दहा-बाराजण नियमित बोलणारे असतील तर वेगळा ग्रुप काढणं सगळ्यात उत्तम. त्याच्या नावातच लिहा: 'बघून झालेल्यांसाठी'.

यूट्यूबवर बोलणाऱ्यांनी तीन जागा तपासाव्यात. पहिली, वर लावलेलं चित्र. रडणारं पात्र, रक्ताचा डाग, दोन शत्रू शेजारी उभे, यातलं काहीही तिथं नको, कारण व्हिडिओ न उघडणाऱ्यालाही ते दिसतं. दुसरी, भागांची यादी. वर्णनात वेळा टाकून भाग पाडता येतात, मात्र पहिली वेळ ०:०० हवी आणि निदान तीन भाग हवेत. भागाचं नाव 'खुनी कोण' चालेल, 'मावशीचा कबुलीजबाब' चालणार नाही. 'इथून शेवटाची चर्चा' सगळ्यात सरळ. तिसरी, खालच्या प्रतिक्रिया. व्हिडिओ टाकल्याच्या दिवशीच स्वतःची एक प्रतिक्रिया वर खिळवून ठेवा की शेवटाबद्दल लिहिणाऱ्यांनी आधी इशारा द्यावा. पहिल्या रात्री दोन-तीनदा येऊन बघा. फुटतं ते पहिल्या रात्रीच.

बोलताना इशारा दिल्यावर पाच सेकंद थांबा. मोबाईल लांब ठेवून भाकरी थापणाऱ्या बाईला हात पुसून व्हिडिओ बंद करायला तेवढा वेळ लागतो.

नकळत होणारी गळती

"शेवटी असा धक्का बसतो की विचारू नका!" हे लिहिणारे सगळ्यात जास्त, आणि यात काही फोडलं असं त्यांना मुळीच वाटत नाही. पण ज्याला धक्का येणार हे कळलंय तो पहिल्या मिनिटापासून सरळ दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतो. लेखकाला तर तो निवांत हवा होता. धक्का आहे हीसुद्धा माहितीच आहे. 'दोन धक्के आहेत' हे त्याहून वाईट. पहिला बसल्यावर प्रेक्षक दुसऱ्याची वाट बघत राहतो.

नटांची नावंही बोलतात. मोठा नट पहिल्या अंकात दोन वाक्यांसाठी आला, आणि परीक्षणात त्याचं नाव सगळ्यात वर असलं, की पुढं काय ते उमगतं. 'दुहेरी भूमिका' हा शब्द काही नाटकांत आख्खी मेख असतो. स्पर्धेच्या निकालात अभिनयाचं बक्षीस भूमिकेच्या नावासह छापलं जातं. तिथं 'जुळा भाऊ', 'भूत', 'खरा मुलगा' असं काही येत असेल तर नुसतं नटाचं नाव आणि नाटकाचं नाव पुरे. काळही फोडतो. सगळी पात्रं 'आहे' आणि एकटा मामा 'होता', असं लिहिलं की मामा गेला हे कळतं. ओळखीच्या भागात सगळ्यांना वर्तमानकाळात ठेवा.

लिहून झाल्यावर मजकूर अशा माणसाला वाचायला द्या ज्यानं ते नाटक बघितलेलं नाही. त्याला विचारा, शेवटी काय होत असेल सांग. त्याचा पहिलाच अंदाज बरोबर निघाला तर गळती आहे. त्याला तो कुठल्या वाक्यावरून आला ते विचारून तेवढंच वाक्य बदला. बघितलेल्या माणसाला, मग तो संपादक का असेना, ही गळती दिसत नाही.

सभेत आणि नाट्यगृहात

वाचनालयातल्या चर्चेत हात वर करायला लावून 'कुणी वाचलेलं नाही' असं विचारू नका. न वाचून आलेला माणूस संकोचानं हात वर करत नाही, आणि मग बसून सगळं ऐकतो. त्याऐवजी कार्यक्रमाचेच दोन भाग करा आणि ते पत्रिकेत छापा: साडेपाच ते सव्वासहा ओळख, मग चहा, साडेसहापासून शेवटासह चर्चा. चहाच्या वेळी उठून जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. चहाच्या टेबलावर मात्र वाचलेल्यांनी तोंड आवरायचं, हे सूत्रसंचालकानं माईकवरून आधीच सांगावं.

नाट्यसंस्थांना एक जुना, चाललेला दाखला आहे. लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ पासून सुरू असलेल्या 'द माऊसट्रॅप' या रहस्यनाट्याच्या शेवटी रंगमंचावरूनच प्रेक्षकांना विनंती केली जाते की खुनी कोण हे बाहेर सांगू नका. ही विनंती पडदा पडल्यावर, टाळ्या चालू असताना करायची. तेव्हा प्रेक्षक नाटकाच्या बाजूचा झालेला असतो. तिसऱ्या घंटेआधीच्या मोबाईल बंद करण्याच्या सूचनेत तीच विनंती घातली तर दोन तोटे: कुणी ऐकत नाही, आणि जे ऐकतात त्यांना रहस्य आहे हे कळतं. एका दिवशी दोन प्रयोग असतील तर जाणारे आणि येणारे वेगवेगळ्या दारांनी सोडावेत. नाट्यगृहाच्या रचनेत ते बसत नसेल तर दोन प्रयोगांमध्ये तासभर अंतर ठेवावं.

किती दिवस गप्प राहायचं

महिनाभर, सहा महिने, असे आकडे सांगितले जातात. ते पुण्या-मुंबईच्या घड्याळावरचे आहेत. व्यावसायिक नाटकाचा प्रयोग तिकडे लागतो आणि सांगली-साताऱ्याला दौरा येतो तो बऱ्याच दिवसांनी. कराड, विटा, जत त्याहूनही नंतर. म्हणून इथल्या लिहिणाऱ्यानं दिवस मोजायला सुरुवात आपल्या गावातल्या प्रयोगापासून करावी. नाटकाचा दौरा चालू आहे तोवर शेवट इशाऱ्याशिवाय उघडायचा नाही. सिनेमाला, थेटरातून उतरून घरी बघायला मिळू लागल्यावर आणखी महिनाभर. पुस्तकाला मुदत नाही. खटाव तालुक्यातल्या वाचनालयात वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही कुणाच्या तरी हातात पहिल्यांदा पडतं.

मुदत संपली तरी शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात मेख कधीच नको. वाचकाला तिथून पळता येत नाही.

शेवट माहीत असला तर खरंच रस कमी होतो का, यावर संशोधनही झालंय. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १२ कथा वाचायला दिल्या, तर शेवट आधी कळलेल्यांना त्या जास्तच आवडल्या. २०१५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात उलटं दिसलं, न फुटलेल्या कथांत वाचकांची उत्कंठा आणि मजा जास्त होती. दोन्ही खरं असू शकतं. काही माणसं शेवट वाचूनच पुस्तक हातात घेतात, कारण मग त्यांना निवांतपणे कारागिरी बघता येते, आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. इशारा या दोघांसाठीही आहे. कुठल्या बाजूला जायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं, आपण त्याच्या वतीनं नाही.

जिथं सांगावंच लागतं

आत्महत्या, बलात्कार, मुलाचा मृत्यू, जातीवरून झालेली मारहाण, असं काही कलाकृतीत असेल तर ते आधी कळणं काही प्रेक्षकांसाठी गरजेचं असतं. हा प्रश्न रस टिकवण्याचा नाही, माणूस सांभाळण्याचा आहे, आणि दोन्हींत टक्कर झाली तर माणूस आधी. सिनेमाच्या प्रमाणपत्रावर आता यूए ७+, १३+, १६+ असे वयाचे टप्पे असतात, आणि २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर सुरुवातीलाच वयाचा टप्पा आणि आशयाचं वर्णन दाखवावं लागतं. नाटकाच्या आणि पुस्तकाच्या बाबतीत ते आपल्यालाच करायचंय.

टक्कर बहुतेक वेळा टाळता येते. विषय सांगा; कोण, कधी, कसं हे सांगू नका. "नाटकात आत्महत्येचा संदर्भ आहे" पुरेसं आहे. "शेवटी नायिका जीव देते" याची गरज नाही. एकच विषय लिहिला तर तोच डोळ्यांत भरतो, म्हणून सगळे विषय एकत्र आणि वर्णानुक्रमे द्या: 'आजारपण, आत्महत्येचा संदर्भ, दारू, शिवीगाळ'. यादी तिकीटखिडकीच्या बाजूला लावा, ज्याला हवी तो वाचेल. त्याखाली संस्थेचा एक फोन नंबर द्या, म्हणजे ज्याला आणखी तपशील हवा त्याला तो खासगीत विचारता येतो.

प्रयोगात गोळीबाराचा आवाज असेल तर 'गोळी सुटते' न लिहिता 'मोठे आवाज आणि लखलखते दिवे आहेत' असं लिहा. हृदयाचा त्रास असणाऱ्याला, फेफरं येणाऱ्याला जी माहिती हवी ती मिळते आणि बंदूक कुणाच्या हातात येणार ते झाकलेलं राहतं. लखलखत्या दिव्यांची सूचना मात्र आत जायच्या दारावर ठळक अक्षरांत हवीच. तिथं कसलीही तडजोड नको.

फुटलाच तर

ग्रुपवर कुणी शेवट टाकला की पहिली प्रतिक्रिया असते, त्याच संदेशाला उत्तर देऊन "अरे फोडलास ना!" म्हणायची. उत्तर दिलं की मूळ मजकूर परत वर येतो, आणि तो खरा आहे ही खात्रीही पटते. असं करू नका. 'हो, मलाही तेच आवडलं' किंवा 'छे, तसं काही नाही' हेही नको. दुजोरा आणि नकार दोन्ही फोडतात. टाकणाऱ्याला खासगीत सांगा. साधारण अडीच दिवसांपर्यंत त्याला तो सगळ्यांसाठी पुसता येतो. तो जागेवर नसेल तर ग्रुपचा ॲडमिनही पुसू शकतो. पुसल्यावर दोन-चार वेगळे संदेश पडू द्या, आणि माफी मागायची असेल तर ती नाटकाचं नाव न घेता मागा.

छापून गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र काढून मेख पुन्हा छापू नका. इंटरनेटच्या आवृत्तीत इशारा घाला, परिच्छेद खाली हलवा, आणि शोधयंत्रात दिसणारं शीर्षक आणि दोन ओळींचं वर्णनही बदला. आतला मजकूर दुरुस्त होतो आणि हे तसंच राहतं, असं पुष्कळदा होतं.

ज्याच्या कानावर शेवट पडलाय आणि तिकीट खिशात आहे, त्याला "आता काय अर्थ आहे" म्हणून परत पाठवू नका. त्याला अजून माहीत नसलेली एखादी गोष्ट सांगा. वरच्या नाटकाचंच उदाहरण घेतलं, तर आईनं जमीन विकली हे त्याला कळलंय. थोरला गप्प का राहतो हे नाही. आत जाताना त्याला एवढंच सांगा, की थोरल्याच्या हातांकडं लक्ष ठेव.